साप कात टाकतो

बांधावर सापाची कात आपण पुष्कळदा पाहतो. साप वाढतो, वरची कातडी वाढत नाही. म्हणून तो ती टाकतो.

आधी त्याचे डोळे दुधी होतात. तेव्हा त्याला नीट दिसत नाही. तो ओल शोधतो, रांजणाखाली, मोरीच्या दगडाआड. ओल असली की कात तोंडापासून सुटते आणि सदऱ्याची बाही उलटावी तशी अख्खी निघते. कोरड्यात तिचे तुकडे होतात, डोळ्यांवरचा पापुद्रा चिकटून बसतो. गारुड्याच्या कोरड्या टोपलीत नागाचे हेच हाल होतात, अन् आपण त्याच्यापुढे दूध ठेवतो! १९७२ च्या कायद्याने नाग असा कोंडणे गुन्हा आहे.

घरात मऊ, ओलसर कात दिसली तर साप नुकताच गेला समजावे. रांजणाखाली हात घालू नये. आधी काठीने ठोकावे.