विज्ञानाची मर्यादा आणि आमचे ईमान

मगरिबच्या नमाजनंतर दहावीतील एका मुलाने विचारले, “मौलाना, विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहे. परीक्षेत त्याप्रमाणे उत्तर लिहिले, तर ईमानला बाधा येईल का?” हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

एखाद्या मताची चिकित्सा करण्यापूर्वी ते नीट समजून घेणे हा न्याय होय. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या माकडाचा माणूस झाला, असे उत्क्रांतिवाद सांगत नाही. दोघांचे पूर्वज समान होते, असे तो सांगतो. त्यामागे जीवाश्मांचे व जनुकांचे पुरावे आहेत. ‘हा तर नुसता सिद्धांत’ असे म्हणून तो उडवून लावता येत नाही, कारण विज्ञानात सिद्धांत म्हणजे अंदाज नव्हे.

मात्र विज्ञान निरीक्षण, मोजमाप व पडताळा यांवर चालते. ‘कसे घडले’ हे ते शोधते. ‘कोणाच्या इच्छेने व कशासाठी’ हे त्याच्या मापात येत नाही. म्हणून ‘उत्क्रांती झाली, अर्थात निर्माता नाही’ हे विधान शास्त्रज्ञाने केले, तरी ते विज्ञानाचे ठरत नाही. ढग कसे बनतात हे कळल्याने पाऊस पाडणारा नाहीसा होत नाही.

आजच्या लेबनॉनमधील त्रिपोलीचे आलिम हुसैन अल-जिस्र यांनी १८८८ च्या सुमारास ‘रिसाला हमीदिया’ या ग्रंथात हाच प्रश्न हाताळला. निर्णायक पुराव्यावाचून कुरआनच्या उघड अर्थापासून ढळू नये. तसा पुरावा मिळाल्यास आयतींचा तावील करता येईल. दोन्ही परिस्थितींत निर्माता अल्लाहच, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी ना घाईने होकार दिला, ना भीतीने दार लावले.

हजरत आदम (अलै.) यांची विशेष निर्मिती ही आमची श्रद्धा वह्यीवर आधारलेली आहे, प्रयोगशाळेच्या दाखल्यावर नव्हे. एकदाच घडलेली ईश्वरी कृती प्रयोगाने पुन्हा घडवून पाहता येत नाही.

त्या मुलाला मी म्हणालो, “बेटा, विज्ञान काय सांगते, हे परीक्षा विचारते; ते समजून, प्रामाणिकपणे लिही. त्याने ईमान जात नाही. न समजता हसण्याने मात्र आपली अब्रू जाते.” पृथ्वीवर फिरून सृष्टीचा आरंभ कसा झाला ते पाहा, असा आदेश सूरह अन्कबूतच्या २० व्या आयतीत आहे. पाहण्यास घाबरणे हे मोमिनाचे लक्षण नव्हे.

अल्लाह आमच्या मुलांना ज्ञान व दृढ ईमान दोन्ही प्रदान करो. आमीन.