फी भरायच्या आधी जरा बस

अगं, अकरावी सायन्सची ॲडमिशन झाली की पेढ्यांचा बॉक्स संपायच्या आत घरात एकच विषय सुरू होतो, क्लास कुठला लावायचा? मामांच्या मुलाने कुठला लावला होता, शेजारच्या काकूंची मुलगी लातूरला कशी गेली, कुठल्या सरांची बॅच आत्ताच फुल झाली... सगळे तावातावाने बोलतात. तुला नक्की अडतं कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि खरं सांगू? तुलाही ते अजून ठाऊक नसतं. मी स्वतः अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स-केमिस्ट्री शिकवते, या धंद्यातलीच आहे, तेव्हा क्लास लावूच नको असं मी कशी सांगेन! पण आधी अडलेलं ओळखायचं आणि मग त्यासाठी माणूस शोधायचा, एवढा हट्ट मी तुझ्यापाशी धरणार आहे.

पहिली युनिट टेस्ट वाईट जाणार, हे मनाशी धरून चाल. दहावीला नव्वदच्या पुढे असलेल्या मुली या टेस्टला पंचवीसपैकी आठ-नऊ मार्क घेऊन येतात आणि वर्गाच्या मागच्या दाराने घरी जातात. त्यांची बुद्धी उन्हाळ्यात आटलेली नसते. दहावीचं विज्ञान व्याख्या, कारणे द्या आणि आकृती यांवर बरंचसं निभावतं. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे, व्हेक्टर आणि थोडं कॅल्क्युलस. गणिताच्या तासाला ते यायच्या आधीच फिजिक्सवाले सर ते वापरायला लागतात. या धक्क्यात, टेस्टच्या दुसऱ्या दिवशी, घाबरून जो क्लास लावला जातो ना, तो बहुधा चुकीच्या दुखण्यावरचा असतो.

आता दुखणं कसं ओळखायचं ते सांगते. बारावीला आयनिक इक्विलिब्रिया नावाचा धडा येतो. त्यातलं साधं गणित घे : हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या ०.००२ मोलर द्रावणाचा पीएच काढा. मुली म्हणतात, ‘ताई, केमिस्ट्री जमत नाही.’ मी वही बघते. सूत्र बरोबर, किंमत बरोबर टाकलेली, आणि पुढे पान कोरं. गाडी लॉगपाशी थांबलेली असते. ०.००२ म्हणजे २ गुणिले १० चा उणे ३ घात, दोनचा लॉग ०.३०१०, म्हणून तीनातून तो वजा केला की २.६९९. संपलं. आपल्या बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, लॉग टेबल उघडावंच लागतं, आणि ते वाचायला नीट कुणी शिकवलेलंच नसतं. अशा मुलीने केमिस्ट्रीच्या वर्षभराच्या बॅचला पैसे भरायचे? तिला कुणीतरी दोन-चार संध्याकाळ शेजारी बसून लॉग आणि घातांक शिकवले तर केमिस्ट्रीचं अर्धं ओझं उतरेल, आणि फिजिक्सचंही.

मोलचं उलट आहे. तिथे आकडेमोड येते, पण आपण मोजतोय काय तेच सुटतं. ३६ ग्रॅम पाण्यात हायड्रोजनचे अणू किती? ३६ भागिले १८, दोन मोल, इथपर्यंत सगळ्या जणी येतात. मग दोनला ॲव्होगॅड्रोच्या संख्येने गुणून मोकळ्या होतात. अगं, ते रेणू झाले. एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, म्हणजे अणू चार मोल, सुमारे २.४१ गुणिले १० चा २४ वा घात. इथे लॉगची कितीही प्रॅक्टिस केली तरी उपयोग नाही. कुणीतरी तुला थांबवून ‘हे दोन मोल कशाचे?’ असं विचारायला हवं.

तिसरं दुखणं भाषेचं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला संकल्पना येत असते, पण इंग्रजी प्रश्नाचं वाक्य तिला तीनदा वाचावं लागतं. त्यासाठी दहावीचं जुनं पुस्तक रद्दीत देऊ नकोस. त्यात मराठी संज्ञांबरोबर कंसात इंग्रजी शब्द छापलेले आहेत, पहिले दोन महिने ते उशाशी ठेव. नीटचा पेपर मराठीतही देता येतो. राज्याच्या सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मराठीतून घेता येतात, गणित मात्र इंग्रजीतच. अर्थात दोन वर्षं कॉलेजात इंग्रजीतून शिकल्यावर कुठली भाषा तुला हलकी वाटेल, ते दोन्ही भाषांतला एकेक जुना पेपर सोडवूनच ठरव.

चांगली शिकवणी कशी असते ते तुला एका प्रश्नावरून कळेल. चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात वरच्या टोकाला त्याचा वेग शून्य असतो. मग त्याचं त्वरण किती? दहातल्या बऱ्याच जणी ‘शून्य’ म्हणतात. एक सर लगेच सांगतील, ‘चूक, ९.८, खाली, लिहून घ्या.’ तू लिहून घेशील आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्य लिहिशील. दुसऱ्या कुणी मॅडम विचारतील, ‘बरं, शून्य म्हणतेस. मग वेगही शून्य आणि वेग बदलण्याचं कारणही शून्य, तर चेंडू पुढच्या क्षणाला कुठे असेल?’ तू गप्प होशील. मग हसशील, कारण तो चेंडू तुला हवेत टांगलेला दिसेल. ते तुझं तू शोधलंस, आता ते जाणार नाही. शिकवणीचे पैसे असतील तर ते या दुसऱ्या प्रकाराचे असतात.

अमेरिकेत बेंजामिन ब्लूम नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये एक निबंध लिहिला होता. एकेकाला वेगळं बसवून, चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त करत शिकवलं, तर त्यातला मधला विद्यार्थीही नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, असं त्यांनी मांडलं. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा निघाला नाही, पण फायदा होतो हे टिकलं. फक्त एक लक्षात घे, ब्लूम बोलत होते ते जवळ बसून शिकवण्याबद्दल. दीडशे मुलांच्या एसी हॉलमध्ये माईक लावून जे चालतं, त्याला आपल्याकडे ‘पर्सनल अटेन्शन’ म्हणून पत्रकावर छापतात. (त्या पत्रकावरचे टॉपर बघ, कधीकधी एकच मुलगा दोन क्लासच्या बॅनरवर हसत असतो.)

म्हणून डेमो लेक्चरला जाशील तेव्हा शिकवणाऱ्यावर भाळू नकोस. डेमोला सगळेच छान शिकवतात. त्याऐवजी आधीपासून येणाऱ्या मुलींशी पार्किंगमध्ये बोल. डाऊट कोण सोडवतं, तेच सर की नुकतेच पास झालेले कुणी? टेस्टचा पेपर तपासून परत मिळतो, की ओएमआरचा नुसता आकडा मोबाइलवर येतो? एखादीचे मार्क घसरले तर तिला कुणी बोलावून विचारतं का? आणि वर्षाच्या मध्ये सोडलं तर पैशांचं काय, हे बाबांना लेखी घ्यायला सांग. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त वर्ग घेऊ नयेत, रँकची खोटी हमी देऊ नये, १६ वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं सगळं आहे. सूचना आहेत, अंमल राज्यांनी करायचा. आठवीच्या फाउंडेशन बॅचचे फलक चौकाचौकात तसेच आहेत, ते तुला दिसतच असतील.

लातूरचं विचारत होतीस. तिथल्या जुन्या कॉलेजांनी कसून सराव आणि सतत चाचण्या यांवर नाव कमावलं, ते उगाच नाही. पण तिथे जाणं म्हणजे रूम, मेस, कपडे धुणं, आजारी पडल्यावर स्वतःच डॉक्टरकडे जाणं, हे सगळं सोळाव्या वर्षी. काही मुली त्यात फुलतात. तू घरात दार लावून अभ्यास करणारी आहेस की आईच्या पायाशी बसून, याचा विचार कर. इथे राहून ‘इंटिग्रेटेड’ घेणार असशील, म्हणजे कॉलेज नावाला आणि दिवसभर क्लास, तर प्रॅक्टिकलचं आधी विचार. बोर्डाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ७० मार्कांची लेखी आणि ३० ची प्रॅक्टिकल असते. ब्युरेट हातात न धरता जर्नल पूर्ण करणाऱ्या मुलींना परीक्षेच्या दिवशी टायट्रेशनचा शेवटचा थेंब कुठे थांबवायचा ते कळत नाही. आणि सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तेव्हा ‘अकरावी आरामात, बारावीला बघू’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

आता फुकटातली मदत, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. कॉलेजातले सर-मॅडम. हो, तेच, ज्यांच्या तासाला मागचे बाक रिकामे असतात. प्रॅक्टिकलच्या बॅचला मुलं थोडी असतात, वेळ मोकळा असतो. वही घेऊन शेजारी जा. विचारणारी मुलगी आली की बहुतेक शिक्षक खुलतात. मात्र ‘सर, रोटेशनल समजलं नाही’ असं म्हणू नकोस, त्याला उत्तर काय देणार? ‘या गणितात मोमेंट ऑफ इनर्शिया दुसऱ्या अक्षाभोवती का घेतली?’ असं विचार. बालभारती आणि एनसीईआरटी दोन्हींची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मोफत आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ नावाचा प्रकल्प आहे, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी सुरू केलेला. त्यातली प्रयोगांची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि बरीच मराठीतही आहेत. प्रोजेक्टाइल मोशन त्यात तोफ उडवून बघ, कोन बदल, हवेचा रोध चालू-बंद कर. ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातली असशील तर महाज्योती संस्थेच्या जेईई, नीट, सीईटीच्या मोफत ऑनलाइन प्रशिक्षणाची जाहिरात दहावीच्या निकालानंतर नेटाने शोध, त्यात टॅब आणि इंटरनेट डेटाही देतात.

क्लास लाव किंवा लावू नको, घरी एकटीने बसायचे तास कुणालाच चुकत नाहीत. लेक्चर ऐकणं म्हणजे दुसऱ्याला पोहताना काठावरून बघणं. रात्री व्हिडिओ दीडपट वेगाने बघून ‘तीन चॅप्टर झाले’ म्हणणाऱ्या मैत्रिणी तुला भेटतील. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून बघणारे पुढे गेले. वाचताना ‘येतंय मला’ असं जे वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांचं असतं. तेव्हा क्लासहून आलीस की जेवायच्या आधी वही न उघडता आजचं एका पानावर लिहून काढ. जिथे पेन थांबेल तिथे लाल खूण. उद्याचा डाऊट तोच. आठवड्यातून सहा दिवस क्लास असेल आणि या एका पानाला वेळच उरत नसेल, तर क्लास जास्त झालाय, एखादा विषय कमी कर.

एक गोष्ट आईसमोर बोलायला तुला अवघड जाईल, म्हणून मीच बोलते. एकटीची शिकवणी असेल तर घरात इतर माणसं असताना, दार उघडं असलेल्या खोलीत असावी. कुणी सर किंवा दादा रात्री उशिरा ‘झोपलीस का’ असे मेसेज टाकायला लागले, ‘तू बाकीच्यांसारखी नाहीस’ म्हणायला लागले, कौतुक करताना हात लावायला लागले, तर तुझ्या मनाला जे खटकलं ते बरोबर खटकलं. ते कितीही हुशार शिकवत असोत. त्याच दिवशी आईला किंवा मला सांग. वर्षाची फी बुडाली तरी बुडू दे, बाबांशी मी बोलेन.

आणि झोप उडाली, जेवण जाईना, पुस्तक उघडलं की रडू यायला लागलं, तर त्याला ‘टेन्शन सगळ्यांनाच असतं’ म्हणून झाकू नकोस. घरी बोलवेना तर सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात. बाबा फीसाठी कर्ज काढताहेत, या विचारानेच कितीतरी मुली आतून गप्प होतात. तो विषय तूच काढ. ‘बाबा, मला केमिस्ट्रीला मदत हवीय, तिन्ही विषयांना नको,’ हे वाक्य ऐकून कुठल्याही बाबांना हायसंच वाटेल.

तर आत्ता एवढं कर. फी भरायची तारीख पुढे ढकलून घे. पहिली जागा गेली तर जाऊ दे, बॅच फुल झाली म्हणणारे आठवड्याने स्वतःच फोन करतात. दरम्यान तीन विषयांतली पाच-पाच गणितं पुस्तक मिटून सोडव, आणि कुठे थांबलीस त्याचे फोटो मला पाठव. नुसता प्रश्न पाठवू नकोस हं, तुझी खोडलेली, अर्धवट उत्तरंही दिसली पाहिजेत.