वॉटरप्रूफ तंबूला कुबट वास का?

प्रश्न : आमचं वन रूम किचन आहे. मुलगा सह्याद्रीत ट्रेकला जातो. तंबू, स्लीपिंग बॅगा, छोटी गॅस शेगडी असं सारं मी पिशव्यांत घट्ट आवळून माळ्यावर टाकते. या पावसाळ्यानंतर तंबू उघडला तर आतून चिकट आणि कुबट! वॉटरप्रूफ असून असं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, वॉटरप्रूफ म्हणजे दमट हवेत खराब न होणारा, असं नाही. बहुतेक तंबूंच्या कापडावर आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. ओल आणि उष्णता मिळून तो हळूहळू विघटित होतो, मग चिकटपणा येतो. थोडाही ओलसर तंबू घडी करून ठेवला की हे लवकर घडतं. वास घालवता येईल : थंड पाणी, सौम्य साबण आणि स्पंज वापरा, सावलीत वाळवा. वॉशिंग मशीन नको. चिकट झालेला थर मात्र पूर्ववत होत नाही.

यापुढे तंबू सैल घडीने सुती पिशवीत ठेवा. स्लीपिंग बॅग दाबून ठेवली की तिचा फुगीरपणा आणि ऊब कमी होते. ती मोठ्या अभ्र्यात भरा आणि दिवाणावर लोड म्हणून वापरा. जागेचा प्रश्नच सुटतो.

काळजी हवी ती गॅसच्या डब्याची. तो शेगडीपासून वेगळा करून, उभा, हवेशीर जागी ठेवा. 50 अंशांवर तापू देऊ नका. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, उन्हात किंवा बंद गाडीत नको. टॉर्चचे सेलही काढून ठेवा.

मुलगा ट्रेकहून आला की तंबू आधी पंख्याखाली दोरीवर टाकायला सांगा. शिवणी पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय घडी घालू नका.