चार सुताचा स्टड: न मिळणारा पार्ट विकायचा कसा?



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा धडा इथे सविस्तर लिहितोय. विषय एकदम छोटा आहे: जुन्या विलीज जीपच्या चाकाचा स्टड. हबमधून बाहेर आलेला आट्यांचा जो खुंटा असतो, ज्यावर चाक चढवून आपण नट आवळतो, तो स्टड. पण स्पेअर पार्टच्या धंद्यात न मिळणारी वस्तू कशी विकायची, हे शिकायला हे उदाहरण फार चांगलं आहे.

आधी गिऱ्हाईक समजून घ्या. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, त्यामुळे या गाड्या आणि त्यांच्यावरून बनलेल्या जीप आपल्याकडे गावोगावी आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोज वापरता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला नेता येते. म्हणजे मालक हौशी आहे, त्याला मूळ मापाचाच पार्ट हवाय, आणि तो मिळाला तर पैसे द्यायला तयार आहे.

आधी विचारा: तुटला कसा?

गिऱ्हाईक तुटका स्टड घेऊन येतं. लगेच शोधायला पळू नका. पहिला प्रश्न, कोणत्या बाजूच्या चाकाचा?

जुन्या विलीज जीपमध्ये डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांना उलटे आटे असतात. गाडी पुढे जाताना नट सैल होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. अशा स्टडच्या टोकावर बहुतेक वेळा इंग्रजी 'एल' अक्षर ठोकलेलं असतं. आता टायरवाला पोरगा हवेची गन लावतो आणि नेहमीच्या दिशेने नट सोडवायला जातो. नट सुटण्याऐवजी आवळला जातो आणि स्टड पिळवटून तुटतो. हे कारण गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, तर तुम्ही दिलेला नवा स्टडही पुढच्या पंक्चरला तुटेल आणि नाव तुमचं खराब होईल.

शिवाय कित्येक गाड्यांचे हब इतक्या वर्षांत बदललेले असतात. म्हणून 'डावं चाक म्हणजे उलटे आटे' असं गृहीत धरू नका. त्याच चाकाचा शाबूत स्टड बघा.

मग मोजा. 'चार सूत' हे माप नाही.

मिस्त्री सांगतो, "चार सुताचा आहे." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे चार सूत झाले अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पण आपल्याकडे १२ मिलिमीटरच्या सळईलाही चार सूतच म्हणतात. बोलण्यात फरक शून्य, चाकात फरक जीवघेणा.

जीपचा स्टड अर्धा इंची, एका इंचात २० आटे असलेला. बाजारात सहज मिळणारा एक स्टड १२ मिलिमीटरचा, १.२५ पिचचा. इंचात २० आटे म्हणजे पिच १.२७ मिलिमीटर. पिच गेज लावलंत तर दोन्ही जवळपास सारखेच वाटतात! जीपचा जुना नट त्या १२ मिलिमीटरच्या स्टडवर आरामात फिरतो, 'बसला' असं वाटतं. प्रत्यक्षात आटे वरवर पकडलेले असतात. आवळताना ते सोलवटतात, नाहीतर रस्त्यात सोडतात. म्हणून पिचसोबत वर्निअरने बाहेरचा व्यासही मोजायचाच.

कागदावर ही सहा मापं लिहा:

१. आट्यांचा बाहेरचा व्यास
२. पिच किंवा इंचात किती आटे
३. आटे सुलटे की उलटे
४. हबच्या भोकात घट्ट बसणाऱ्या भागाचा व्यास आणि लांबी (तिथे नर्लिंग असेल तर त्याच्यासकट)
५. एकूण लांबी
६. डोक्याचा आकार आणि जाडी

तुटका तुकडा आणि त्याच चाकाचा शाबूत नट, दोन्ही ठेवून घ्या. नट हा तुमचा साक्षीदार आहे.

शोधायचं कुठे?

सुरुवात जवळून करा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला. तिथे नाही मिळालं तर दिल्लीचं कश्मीरी गेट आणि कोलकात्याचा मल्लिक बाजार. फोनवर "जीपचा स्टड आहे का?" असं विचारू नका, सगळे "आहे" म्हणतील. सहा मापं पाठवा आणि वर्निअर लावलेला फोटो मागवा. जुन्या गाडीतून काढलेला स्टड कोणी दिला तर घेऊ नका. तो आधी किती ताणला गेलाय, हे डोळ्यांना दिसत नाही.

नाही म्हणायची वेळ

गिऱ्हाईक म्हणेल, "एवढं कशाला? लेथवर एक करून द्या ना, शंभर रुपयांत होईल."

इथे थांबायचं. चाकाच्या स्टडला चांगलं मिश्रधातूचं पोलाद आणि योग्य हीट ट्रीटमेंट लागते. मेट्रिक स्टडवर १०.९ असा आकडा असतो. त्यातला १० सांगतो की एका चौरस मिलिमीटरला साधारण १००० न्यूटन ताण तो तुटण्याआधी सहन करतो. .९ म्हणजे त्या ताणाच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. साध्या एमएसच्या सळईचा स्टड याच्या निम्म्यालाही पोचत नाही. शिवाय कारखान्यात आटे दाबून काढतात, त्यामुळे धातूचे तंतू तुटत नाहीत. लेथवर ते कापले जातात. तुटका स्टड वेल्डिंग करून देणं तर विसराच.

चाक निखळलं तर गाडीतली माणसं आणि समोरून येणारा स्कूटरवाला, दोघांचाही जीव जातो. शंभर रुपयांच्या कामासाठी ही जबाबदारी अंगावर घ्यायची नाही. स्पष्ट सांगा, "साहेब, हे मी करणार नाही. आठ दिवस द्या, योग्य स्टड आणून देतो." असं नाही म्हणणारा दुकानदार लोकांच्या लक्षात राहतो.

बिल कसं करायचं?

उदाहरण म्हणून समजा, एका चाकाचे पाच स्टड आणि पाच नट तुम्हाला कुरियरसकट ९०० रुपयांना पडले. त्यावर २० टक्के लावून १०८० घेतले, तर हातात १८० आले. मोजायला आणि फोन करायला दोन तास गेले असतील, तर तासाला ९० रुपये. हा धंदा नाही, समाजसेवा आहे.

आता तासाचे ३०० धरा. ९०० अधिक ६०० म्हणजे १५००, त्यावर २० टक्के धरून बिल १८००. बिलावर दोन ओळी वेगळ्या दाखवा: एक मालाची, एक माप आणि शोध यांची. आणि निम्मे पैसे आधी घ्या. हा माल परत गेला तर दुसरं गिऱ्हाईक मिळायला वर्ष लागेल.

स्टड देताना चिठ्ठीवर तीन सूचना लिहून द्या. एक, एक स्टड तुटला म्हणजे बाकीच्यांनाही मार बसलाय, म्हणून त्या चाकाचे पाचही बदला. दोन, जुन्या जीपमध्ये स्टड ड्रमवर फुलवून बसवलेला असू शकतो. आधी ती कड कापायची, नुसता हातोडा मारला तर हबचं भोक मोठं होतं. नवा स्टड प्रेसवरच बसवा. तीन, ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासा.

शेवटी एक वही करा. गाडी, सहा मापं, कुठून आणला, कितीला पडला. पुढच्या जीपवाल्याला दोन तासांऐवजी दहा मिनिटं लागतील, बिल मात्र तेवढंच. तुमचं खरं भांडवल ती वही आहे, कारण स्टड कोणीही विकू शकतो, पण 'हाच स्टड बसेल' हे खात्रीने सांगणारे कमी असतात.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली अशी एक वस्तू निवडा, जी मागायला लोक येतात आणि रिकाम्या हाताने जातात. ती अचूक ओळखायला कोणती मापं लागतात, ते एका कागदावर लिहा. मग तीन ठिकाणी फोन करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.