दिवाडीची मानस

प्रस्तावना

सुट्टीचे दोन दिवस मिळाले की आपण कोठेतरी जाऊन येतो आणि काय पाहिले ते इतरांना सांगतो. पाहिलेली गोष्ट कशी चालते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. पुढील पाठातील लेखक गोव्याच्या एका बेटावर मित्राकडे मासे गरवायला गेला आहे. वाचताना नदीच्या पाण्यावर लक्ष ठेवा.

मूळ पाठ

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की मांडवी ओलांडून काही मिनिटांतच दिवाडी बेट येते. टेकडीवर पियेदादचे चर्च, पायथ्याशी कौलारू घरे आणि त्यांपुढे पाण्याच्या पातळीला जणू टेकलेली सपाट शेते. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बेटावर होते. पोर्तुगीज राजवटीत ते पाडले गेल्यावर देव नदीपलीकडे नार्वे येथे गेला व तेथील मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. मित्र हे सारे सांगत होता. माझे डोळे मात्र त्याच्या खांद्यावरील गळाच्या काठ्यांकडे लागले होते.

"घाई करू नकोस," तो म्हणाला, "पाणी फिरल्याशिवाय मासा फिरत नाही." भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते व त्यांची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे त्याच्या घरी सुट्टीचा बेत घड्याळाबरोबर तिथी पाहूनही ठरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे तेथील मुलांनाही पाठ असते.

आम्ही बांधावर बसलो. गरीला कोळंबी लावून दोर पाण्यात सोडला आणि मग करण्यासारखे काहीच उरले नाही. शहरातून आलेल्या माणसाला ते काहीच न करणे आरंभी जड जाते. तासाभराने ते अंगवळणी पडले. दोन काळुंदर लागली. एक बोटभर तांबोशी लागली, ती मित्राने परत सोडली.

ज्या बांधावर आम्ही बसलो होतो, त्याच्या आतील जमिनीला खाजन म्हणतात. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी चिखलमातीचे व दगडांचे बांध घालून अशा जमिनी खाऱ्या पाण्यापासून राखल्या. बांधात ठिकठिकाणी असलेल्या दारांना मानस म्हणतात. लाकडी दार नदीच्या बाजूलाच उघडते. भरतीचे पाणी त्याला बाहेरून रेटते, तेव्हा ते आपोआप मिटते. ओहोटीला आतील पाणी त्याला ढकलते, तेव्हा ते उघडते. कोणी पहारा करावा लागत नाही. पावसाने मातीतील खार धुऊन निघाला की आत कोरगुट भात पेरतात. ते थोडाफार खार सोसते.

ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे बांधतात आणि बाहेर वाहणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी, खेकडे, क्वचित चोणकही त्यात येते. (रायगडकडे याच चोणकाला जिताडा म्हणतात.) ही मासेमारी करण्याचा हक्क लिलावाने दिला जातो, त्या लिलावाला पावणी म्हणतात. खरा तंटा येथेच आहे.

"काका, दार आपोआप मिटते, तर शेतात खारे पाणी कसे शिरते?" मी मित्राच्या वडिलांना विचारले.

"मिटू दिले तर ना! पावणीचे पैसे वसूल करायचे, म्हणून कोणी भरतीलाही दार उघडे ठेवतो. जास्त पाणी, जास्त मासे. चार उधाणे अशी आत आली की भात गेले. मग बांधाकडे कोण पाहणार?" त्यांनी पलीकडचा तुकडा दाखवला. तेथे खारफुटीची दाट झाडी माजली होती.

"पण बाबा, मासळीवरही घरे चालतात," मित्र म्हणाला.

"चालतात. दार मिटूनही चालत होती."

मित्र यावर काही बोलला नाही. मला दोघांचेही पटले. पण दार ज्या हिशेबाने बांधले आहे, तो हिशेब काकांच्या बाजूचा होता.

रविवारी ओहोटी शनिवारपेक्षा तासाभराने उशिरा लागली. मित्र जाळे बांधू लागला. काका गुडघाभर पाण्यात उतरले, दाराच्या फळ्यांमधील फट बोटांनी चाचपली आणि बांधावरचा चिखल घेऊन ती लिंपू लागले.

पाठगत प्रश्न

मानशीचे दार नदीच्या बाजूऐवजी शेताच्या बाजूला उघडत असते, तर काय झाले असते? तुमच्या शब्दांत लिहा. मित्र व काका यांच्यापैकी कोणाचे म्हणणे तुम्हाला पटते, ते कारण देऊन सांगा.