न पेटणारे घर: आपण कोणते साहित्य वापरतो?

म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा १८९७ मध्ये राजघराण्यातील विवाहसोहळ्याच्या वेळी आगीत भस्मसात झाला. आज दिसणारा, १९१२ मध्ये पूर्ण झालेला राजवाडा उभारताना वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांनी दगड, वीट आणि ओतीव लोखंडी खांब यांवर भर दिला. पुण्याच्या शनिवारवाड्याचीही तीच कथा आहे. १८२८ च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले. दगडी जोती आणि तटबंदी मात्र उभी राहिली.

आपल्या घराच्या भिंती बहुधा विटांच्या किंवा काँक्रीटच्या असतात व त्या पेटत नाहीत. लोखंडाविषयी मात्र एक गैरसमज आढळतो. ते जळत नसले, तरी सुमारे ५५० अंश सेल्सिअस तापमानाला पोलादाची जवळपास निम्मी ताकद नाहीशी होते. म्हणून स्लॅबचा थर गळून सळ्या उघड्या पडल्या असतील, तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. छतासाठी जिप्समचे बोर्ड उपयुक्त ठरतात. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी बांधलेले असते. उष्णतेने त्याची वाफ होते आणि तेवढा वेळ आग पुढे सरकण्यास अटकाव होतो.

परंतु भिंती कितीही भक्कम असल्या, तरी आपण त्यांच्या आत काय भरतो? छताला चिकटवलेले थर्माकोल, फोमच्या गाद्या, कृत्रिम धाग्यांचे पडदे झपाट्याने पेटतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. आगीतील अनेक मृत्यू ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून होतात. शेगडीजवळ पडदा नसावा. जिन्यात व दाराशी अडगळ तर मुळीच नसावी.

न पेटणारे प्रत्येक साहित्य आरोग्याला निर्धोक असते, असेही नाही. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सिमेंटी पत्र्यांना आग लागत नाही. पण ते कापताना, फोडताना किंवा त्यांना भोक पाडताना उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात व अनेक वर्षांनंतरही कर्करोगास कारण ठरू शकतात. जुने पत्रे स्वतः फोडू नयेत, कोरडे झाडू नयेत.

आग लागल्यास वाकून, धुराच्या खालून बाहेर पडावे व ११२ क्रमांकावर कळवावे. सामानासाठी परत आत जाऊ नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे गार पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने जखम सैलसर झाकून रुग्णाला दवाखान्यात न्यावे.