फोन वाजतो, डॉक्टर अनिता बोलतात



लस टोचून घ्यायची तारीख जवळ आली की इथे इंग्लंडमध्ये दवाखान्याकडून आपल्या फोनवर संदेश येतो. आपण तो वाचतो आणि कामाला लागतो. भारतातल्या खेड्यांत हाच फोन आरोग्याचे शिक्षण कसे देतो, ते या पाठात पाहू.

आधी एक उदाहरण घेऊ. खरवस आपल्या सगळ्यांना आवडतो. तो गाईम्हशीच्या चिकाचा करतात. बाळ जन्मल्यावर पहिले काही दिवस आईलाही असेच घट्ट, पिवळसर दूध येते. रोगांशी लढण्याची शक्ती बाळाला त्यातून मिळते. पण हे दूध 'खराब' समजून पिळून टाकायचे आणि बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवायचे, अशी रीत अनेक घरांत होती. घरच्यांच्या मनात माया होती, पण माहिती चुकीची होती. ती बदलणार कोण?

२००५ साली भारत सरकारने गावोगावी 'आशा' कार्यकर्त्या नेमायला सुरुवात केली. साधारण हजार वस्तीमागे एक आशाताई. ती त्याच गावची असते, म्हणून तिचे ऐकतात. पण प्रत्येक घरी, प्रत्येक आठवड्याला ती कशी पोचणार? इथे फोन मदतीला आला.

२०१२ साली बिहारमध्ये आशाताईंच्या हाती 'मोबाईल कुंजी' आली. कुंजी म्हणजे किल्ली. एका कडीत ओवलेली ही ४० चित्रकार्डे. प्रत्येक कार्डावर एक क्रमांक छापलेला. आशाताई चित्र दाखवी, तो क्रमांक फिरवी आणि फोन समोरच्या बाईच्या हाती देई. पलीकडून डॉक्टर अनिता बोलत. या डॉक्टर खऱ्या नाहीत, ते एक पात्र आहे. पण आशाताईचे बोलणे आणि डॉक्टरांचा आवाज एकत्र आले की घरातल्या मोठ्यांनाही ते पटायला सोपे जाते.

पुढची पायरी 'किलकारी'. किलकारी म्हणजे बाळाचा आनंदाचा चीत्कार. ही सेवा २०१३ मध्ये बिहारात आणि २०१६ पासून सरकारतर्फे इतर राज्यांतही सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, असे ७२ संदेश. ऐकायला पैसे पडत नाहीत. गंमत अशी, की सगळ्यांना एकच संदेश जात नाही. बाळंतपणाच्या तारखेवरून हिशेब होतो. लोहाच्या गोळ्यांचे दिवस आले की गोळ्यांविषयी, लशीची वेळ आली की लशीविषयी. २०२४ साली ही सेवा महाराष्ट्रासाठी मराठीतून सुरू झाली.

लेखी संदेश का नाही? कारण ज्या बाईला वाचता येत नाही, तिलाही ऐकता येते. शिवाय फोन स्पीकरवर ठेवला तर सासूबाईही ऐकतात, आणि घरात पुष्कळदा त्यांचाच शब्द चालतो!

पण अडचणी आहेत. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाईल ग्रामीण भागातल्या सुमारे ४७ टक्के स्त्रियांकडेच होता. नवरा फोन खिशात घालून शेतावर गेला, तर आईसाठी आलेला संदेश त्याच्या कानी पडतो. मध्य प्रदेशात किलकारीची शास्त्रीय परीक्षाही झाली. दोन मुलांत अंतर ठेवण्याचे उपाय वापरणाऱ्यांचे प्रमाण थोडे वाढले. पण 'पहिले सहा महिने फक्त आईचे दूध' या बाबतीत फोन येणाऱ्या व न येणाऱ्या स्त्रियांत फरक दिसला नाही.

मग फोन निरुपयोगी ठरला का? नाही. कळणे आणि वळणे यांत अंतर असते, एवढाच त्याचा अर्थ. फोन आठवण देतो. पण शेतावर कामाला जाणाऱ्या आईला बाळाला पाजायला सवड मिळाली पाहिजे, सासूबाईंनी 'थांब, मी स्वयंपाक बघते' म्हटले पाहिजे. ते काम माणसांचेच.

आपल्यासाठीही यात एक धडा आहे. आपण आजीआजोबांना फोन करतो तेव्हा 'कशी आहेस? बरी आहे' एवढ्यावर बोलणे संपते. 'आजी, रक्तदाबाची गोळी घेतलीस का?' हे वाक्य मराठीतून नीट म्हणता आले, तर आपलाही फोन कामी येईल.

शब्दार्थ
चीक – विल्यानंतरचे पहिले घट्ट दूध
वस्ती – गावात राहणारे लोक
पाहणी – माहिती गोळा करण्यासाठी केलेली तपासणी
कळणे आणि वळणे – समजणे आणि तसे वागणे

स्वाध्याय
१. आशाताईचे बोलणे गावात का ऐकतात?
२. किलकारीचा संदेश प्रत्येक आईला वेगळ्या वेळी का जातो?
३. हात धुणे किंवा पाणी उकळून पिणे यावर एका मिनिटाचा संदेश मराठीत लिहा. आजीला फोनवर वाचून दाखवा. कोणता शब्द तिला कळला नाही, तो वहीत लिहून आणा.
४. पालकांसाठी : चिकाच्या दुधाविषयी तुमच्या घरी काय सांगत असत? मुलांना सांगा.